आधी संत्रा, मग दंड

आमच्या गेटवरचे नाकेदार पर्यटकांच्या तोंडाकडे आधी बघायचेच नाहीत. बघायचे पायांकडे. जिप्सी फाटकाशी येऊन थांबली की दोन पावलं मागे सरायचे, मान वाकडी करायचे आणि गाडीत बसलेल्यांचे बूट, चपला, सुटलेले बंद, सगळं निरखून घ्यायचे. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात सांगायचे, "मांगच्या शिटवरचा तो लंबा. त्याच्या पायाले खाज आहे. उतरन थो. लक्ष ठेवजा ताई."

झालं! एवढं ऐकलं की माझी ती फेरी गेलीच म्हणून समजा. जंगलात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत मी त्या माणसाच्या पायांवर नजर लावून बसायची. मोर, सांबर, अस्वल जे काही दिसायचं ते बाकीच्यांना. एकदा वाघीण रस्ता ओलांडून गेली आणि मी गाईड असून ती मला गाडीवाल्यानं सांगितली.

वनरक्षकाला आमच्याकडे अजूनही नाकेदार म्हणतात. मी त्यांना काकाजी म्हणायची. मूळचे नाचणगावचे, शेतकरी घरातले. नोकरी सारी जंगलात गेली आणि जंगलानं त्यांचा आवाज खाऊन टाकला होता. ते कुजबुजायचे. फोनवर बायकोशीही कुजबुजायचे. काकू म्हणे पलीकडून ओरडायच्या, "जरा मोठ्यानं बोला ना! चोरी करून राह्यले का?"

गेटचं नाव सांगत नाही. वर्धा जिल्ह्यात जंगल ते केवढं, ओळखणारे ओळखतील. कारंज्याकडून आत वळलं की संत्र्यांच्या बागा जिथे संपतात तिथे आम्ही सुरू होतो. मोठमोठ्या जंगलांच्या मानानं आमचं म्हणजे गरिबाघरचं लग्न. तरी परदेशी पाहुणे यायचे, अजूनही येतात. सेवाग्राम पाहून झालं, चरख्यापाशी फोटो झाला, खादी घेऊन झाली आणि परतीच्या गाडीला दिवस उरला की टॅक्सीवाला त्यांना आमच्याकडे आणून सोडतो.

आता दंडाची गोष्ट सांगते, कारण काकाजींची सगळी ख्याती दंडाचीच. गाडीतून उतरलं, गाणी लावली, सिगारेट पेटवली, माकडांना खायला टाकलं, की दंड. नागपूरचा असो, अमरावतीचा असो, सगळ्यांना लागायचा. पण गोरा माणूस दिसला की आमच्या लोकांच्या पाठीला आपोआप बाक येतो. "जाऊ द्या ना, पाहुणे आहेत, बाहेरदेशात आपलं नाव खराब होईन," असं गाडीवाले म्हणायचे. काकाजी ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "वाघाले पासपोर्ट समजते का?"

आणि दंड घ्यायची त्यांची तऱ्हा अशी की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस दंड करतोय की सोयरीक जमवतोय. त्यांच्या घरची रीत होती, दारात आलेल्याला पाणी पाजल्याशिवाय कडू शब्द बोलायचा नाही. गेट हेच त्यांचं दार. म्हणजे दंडाआधी पाणी. आता परदेशी माणूस माठातलं पाणी पितो होय? तो दोन्ही हात हलवून "नो, नो" करायचा. पाणी नाही म्हणजे पुढचं बोलणं नाही, बोलणं नाही म्हणजे दंड नाही. काकाजी पेला धरून उभे, पाहुणा पाकीट धरून उभा. मी म्हटलं, "काकाजी, त्याच्याजवळ बाटली आहे, तो त्याचं पाणी पिईल ना." ते म्हणाले, "त्याचंच पाणी त्याले पाजलं, तं आपण काय पाजलं?"

उपाय त्यांनाच सुचला. एके दिवशी बागेतनं संत्र्यांची पाटी आली, त्यातला एक त्यांनी दंडाच्या पाहुण्यापुढे धरला. "याले सील देवानं लावलं आहे. हे तं खाईन?" पाहुण्यानं खाल्ला. तेव्हापासून आधी संत्रा, मग दंड. हंगाम नसला की केळं. एका बाईंनी जंगलात छोट्या स्पीकरवर गाणी लावली म्हणून दंड झाला, तर त्या दंड भरून वर दोन संत्रे मागून घेऊन गेल्या.

एकानं ड्रोन उडवलं होतं. काकाजींनी ते जप्त केलं खरं, पण त्यांना वाटलं, हा कुठूनतरी बटन दाबेल आणि उडवून नेईल. मग त्यांनी त्यावर कोंबड्या झाकायचं टोपलं पालथं घातलं, वर दगड ठेवला. तो परदेशी पोरगा पोट धरून हसला. काकाजी हसले नाहीत. "हासू दे. उडालं तं जवाब मले देणं आहे," म्हणाले.

पण त्यांची खरी जिद्द पुढेच असायची. पाहुणा नोटा काढून पुढे करायचा, सुटलो एकदाचा अशा चेहऱ्यानं. काकाजी नोटा बाजूला सारायचे. "पैशे थांबू द्या. काय केलं ते बोला पहिले. आपल्या तोंडानं." पाहुण्यानं माझ्याकडे पाहून म्हणायचं, की हिनं मला मना केलं होतं, मी ऐकलं नाही. मी ते मराठीत सांगायचं. मगच पावती. आम्ही गाईड लोक आपसात म्हणायचो, म्हाताऱ्याला कोर्ट भरवायची हौस आहे.

हौस नव्हती ती. पर्यटक उतरला तर दंड त्याला होतो, पण मागाहून विचारणा होते ती गाईडला. तू काय करत होतीस? पर्यटकानं स्वतः कबूल केलेलं असलं तर गाईड सुटतो. नसलं, तर गाईडचा बिल्ला जमा, म्हणजे काम बंद. काकाजी पावती फाडायच्या आधी आमचे बिल्ले वाचवत असायचे. हे मला कळायला बराच काळ गेला.

त्या बिल्ल्याचं मला काय होतं ते सांगायला हवं. मी बी.ए. झालेली, पण गावात अमक्याची सून आणि पंक्चरवाल्याची बायको. ग्रामसभेत गाईडसाठी माझं नाव पुकारलं तेव्हा मागून कुणीतरी बोललं, "वाघ दिसला तं पहिले हे बाईच पयून जाईन." सगळे हसले. पण बिल्ला लागला आणि तीच माणसं मला "म्याडम, आज काय दिसलं?" विचारू लागली. मुलगी आर्वीला शिकायला राहिली ती या बिल्ल्यावर. तो गेला तर जागा घ्यायला दहा जण तयार होते. म्हणून मी रोज धास्तावलेली. जन्मापासूनच मी भित्री, त्यात हे काम. गाडीत कुणी नुसतं पाय मोकळे करायला हलला तरी माझ्या छातीत, त्या बिल्ल्याच्या मागे, धडधडायला लागायचं.

वर माझी एक खोड. भीती वाटली की मी हसते. लग्नात, मयतीत, डॉक्टरकडे, कुठेही. सासू म्हणते, "हिले मयतीत नेऊ नका रे बापा."

तर एके दिवशी तो परदेशी पाहुणा आला. पन्नाशीचा असेल. अंगात नवी कोरी खादी, खांद्यावर पंचा, चेहरा इतका शांत की बघणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. फाटकाशी त्यानं सगळ्यांना हात जोडले. काकाजींनी पाय पाहिले. बुटांचे बंद सैल सोडलेले. माझ्याकडे पाहून त्यांनी नुसती हळूच मान हलवली. मग रोजच्याप्रमाणे सूचना सांगितल्या आणि मी त्या इंग्रजीत केल्या. खाली उतरायचं नाही, हे दोनदा सांगितलं.

पाणवठ्याच्या अलीकडे वाळूत वाघिणीचे ठसे होते. ओले. म्हणजे नुकतीच गेलेली. आणि तिच्यासोबत दोन बच्चे आहेत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पाहुणा उठून उभा राहिला. मी म्हटलं, "नो सर, प्लीज सिट." त्यानं ओठांवर बोट ठेवलं, माझ्याकडे बघून गोड हसला आणि उतरला. वाळूत मांडी घालून बसला. ठशाशेजारी आपला पंजा ठेवून फोटो काढू लागला.

पलीकडे झुडपात वानर खकरलं. एकदाच नाही, सारखं. म्हणजे ती जवळच होती, वानराला दिसत होती, आम्हाला दिसत नव्हती. इंग्रजी सगळं पळून गेलं आणि तोंडातून निघालं ते आपलं, "ओ भाऊ, वर या ना! या ना वर!" आणि मी हसत होते. मला माहीत आहे मी हसत होते, कारण माझे गाल दुखत होते. गाडीवाल्यानं इंजिन चालू केलं, तेव्हा तो सावकाश उठला, कपडे झटकले, वर आला आणि म्हणाला, "बघा, काही झालं नाही."

मी गाडीवाल्याला हातानंच खुणावलं, गेटकडे घे.

गेटवर येऊन त्यानं तो फोटो स्वतःच काकाजींना दाखवला. कौतुकानं. ठसा आणि त्याला लागून त्याची पाच बोटं. काकाजींनी फोन डोळ्यांजवळ नेला. "किती ताजा आहे हा," एवढंच म्हणाले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. मग आत गेले, टोपी घातली, संत्रा आणला.

पाहुण्यानं संत्रा घेतला नाही. दंड आहे हे कळल्यावर त्याचा शांत चेहरा आणखी शांत झाला. तो म्हणाला, "हिनं मला अडवलं नाही. ही हसली. हसणं म्हणजे परवानगीच." हे मराठीत कुणी सांगायचं? मीच. माझ्यावरचा आरोप मी माझ्याच तोंडानं सांगितला, आणि सांगताना पुन्हा हसले.

"मी मना केलतं काकाजी," मी म्हटलं. "आईच्यान."

"मले माईत आहे," ते म्हणाले. "पण ते त्यानं बोललं पायजे."

तो बोलला नाही. म्हणाला, अन्यायाचा दंड भरायचा नाही, हे मी तुमच्याच भूमीत शिकलो. आणि फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली पंचा अंथरून बसला. डोळे मिटून. जेवणार नाही म्हणाला. सेवाग्राम पाहून आलेला माणूस आमच्या गेटवर सत्याग्रहाला बसला! गाडीवाला म्हणाला, "काकाजी, हे तं उपोषण सुरू झालं."

काकाजी त्याच्यासमोर जाऊन बसले. जमिनीवर, संत्रा हातात धरून. पाहुणा उपाशी असताना घरच्यानं जेवायचं नाही, ही आणखी एक रीत. डबा तसाच. त्यांना शुगर होती आणि गोळी सकाळची घेतलेली. मी म्हटलं, "काकाजी, दोन घास खाऊन घ्या, चक्कर येईल." ते म्हणाले, "त्याले सांगा ना, मले काऊन सांगता?"

दुपार अशी गेली की मला एकाच वेळी दोन चिंता. माझा बिल्ला जातो की काय, आणि काकाजी पडतात की काय. गावातून चार माणसं बघायला आली. शेळ्या चारणारी एक म्हातारी थांबली आणि विचारलं, "काय मागनी आहे याची?" गाडीवाला म्हणाला, "दंड नोको म्हणते." म्हातारी म्हणाली, "मंग चूक कायले केली?" आणि शेळ्या हाकत गेली.

उन्हं कलली तेव्हा काकाजी मला म्हणाले, "त्याले म्हणा, पैशे राहू दे. मी भरतो माह्या खिशातून. फक्त बाईनं मना केलतं, एवढं बोल. एवढंच." त्यांचे ओठ कोरडे पडले होते. मी सांगितलं. आपल्यासाठीच भीक मागतेय असं वाटत होतं. पाहुण्यानं डोळे उघडले, माझ्याकडे प्रेमानं पाहिलं आणि मान हलवली. नाही. मला तेव्हा त्याचा इतका राग आला की सांगता येत नाही. खोटं बोलणाऱ्याचा राग येतो त्यापेक्षा जास्त. कारण त्याला खरंच वाटत होतं की तो खरं बोलतोय.

काकाजी उठता उठता म्हणाले, "याले सत्याग्रह नाई म्हणत. रुसवा म्हणतात."

मग फोन सुरू झाले. टॅक्सीवाल्याचा त्याच्या मालकाला, मालकाचा आणखी कुणाला, आणि शेवटी वनखात्याच्या साहेबांचा काकाजींना. जाऊ द्या त्याला, उद्या येऊन बघतो. पाहुणा उठला. सगळ्यांना हात जोडले, काकाजींच्या खांद्याला हात लावला आणि गेला. काकाजींनी तेव्हा तो संत्रा सोलला. अर्धा मला दिला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. माणूस वाईट नव्हता. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, "पाहुण्याची तक्रार लेखी आली आहे. गाईडनं उतरू दिलं म्हणतो. कुणीतरी जबाबदारी घ्यावी लागेल." गाडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मी इंजिनाकडे पाहून राह्यलो होतो साहेब. काई आयकू नाई आलं." त्याचीही गाडी बंद झाली असती. मी त्याला दोष देत नाही, पण तेव्हा दिला होता.

साहेब माझ्याकडे वळले. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकाजी पुढे झाले. "साहेब, माही चूक आहे. काल मी गेटवर सूचनाच नाई देल्या. गडबड होती. पाहुण्याले माईतच नोतं, अन् बाईले वाटलं मी सांगितलं. माह्यावर लिहा."

साहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. "निवृत्तीला आलात तुम्ही. पेन्शनचे कागद अडकतील. समजतं का?"

"समजते."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. मुलगी आर्वीला राहील, गावात मान खाली जाणार नाही, उद्या सकाळी मी गाडीत असेन. हे सगळं एका श्वासात डोळ्यांपुढून गेलं. मग मी काकाजींकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. शेकडो पाहुण्यांना ज्या माणसानं आपल्या तोंडानं खरं बोलायला लावलं, तो माणूस खोटं बोलून मान खाली घालून उभा होता. आणि ते खोटं माझ्यासाठी होतं. मला ते बघवेना.

"साहेब, असं नाही," मी म्हटलं. "काकाजींनी सूचना दिल्या होत्या. मीच त्या इंग्रजीत सांगितल्या, दोनदा. जंगलातही मी त्याला बस म्हटलं. मग तो उतरला आणि मी घाबरून हसले. झालं ते एवढंच."

"चूप राहा ना बाई!" काकाजी ओरडले. ओरडले! फाटकावरचा पोपटांचा थवा उडून गेला. इतक्या वर्षांत त्यांचा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मग स्वतःच दचकून पुन्हा कुजबुजले, "माहं काय, म्हातारा माणूस. तुमचं सारं पुढं आहे."

"पुढं आहे म्हणूनच," मी म्हटलं. ते खोटं घेऊन मला रोज गाडीत बसता आलं नसतं.

साहेबांनी कपाळ चोळलं. मग ते म्हणाले, "मला खरं वाटतं तुमचं. पण पाहुण्याची कबुली नाही. गाईडचा बिल्ला एक महिना जमा. नाकेदार, घ्या काढून."

काकाजी जागचे हलले नाहीत. साहेबांनी पुन्हा सांगितलं तेव्हा दोन पावलं आले, हात पुढे केला आणि तो तसाच अधांतरी थांबला. मला वाटलं, हा माणूस आता बसेल की काय खाली. मग मीच पिन उघडली, बिल्ला काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली. वर पाहिलं नाही.

मी गेटबाहेर आले. कारंज्याच्या रस्त्याला लागले. आता रडू येणार म्हणून पदर तोंडाशी नेला, पण रडू आलं नाही. साडीवर पिनेची दोन भोकं होती, बोटाला लागत होती. आणि त्यांच्या आत, जिथे इतकी वर्षं सारखं धडधडायचं, तिथे काहीच धडधडत नव्हतं.